स्टेपनी धरायची की नाही? : टायर पालटण्याच्या नियमांचा इतिहास

आजचा धागा टायरविषयी आहे. किल्ले, सनदा आणि ताम्रपटांसाठी येथे येणाऱ्या वाचकांनी दचकू नये. संग्रामदुर्ग ज्या चाकणात आहे, त्याच चाकणात हा धागाही जाऊन पोहोचणार आहे.

चाकणच्या तळेगाव चौकात उभे राहून तीन वाहनचालकांना एकच प्रश्न विचारावा : मोटारीचे टायर सारखे झिजावेत म्हणून ते कसे पालटावेत? साठी उलटलेला जुना टॅक्सीवाला सांगेल, आडवे पालटा, डावीकडचा उजवीकडे न्या, आणि स्टेपनीही फेऱ्यात धरा. पन्नाशीतला टेम्पोवाला सांगेल, रेडियलची बाजू कधी बदलू नये. पुढचा मागे, मागचा पुढे, एवढेच. नुकतीच पहिली गाडी घेतलेला कारखान्यातला तरुण कंपनीची पुस्तिका उघडून तिसरीच आकृती दाखवील. प्रत्येकाला आपला नियम ठाम ठाऊक असतो आणि उरलेले दोघे अडाणी वाटतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे कोण बरोबर हे विचारण्याआधी कोणता नियम कधीचा, हे विचारावे. तिन्ही नियम खरे आहेत. त्यांची सनावळी वेगळी आहे.

हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. टेम्पोवर पोट असलेल्या माणसाला टायरांचा संच म्हणजे कमाईचा मोठा लचका असतो. शिवाय एका काळचा नियम दुसऱ्या काळच्या गाडीला लावला, तर नुकसान नेहमी पैशापुरतेच राहते असे नाही. ते पुढे येईल.

आधी मूळ गोष्ट. मोटारीची चार चाके सारखे काम करीत नाहीत. पुढची चाके वळण घेतात, आणि वळताना टायरची कड रस्त्यावर घासते. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून थांबवण्याचे कामही बरेचसे पुढच्याच टायरांवर पडते. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते ती रस्त्याला मागे ढकलतात आणि त्या ढकलण्याने वेगळ्या रीतीने झिजतात. म्हणजे चार मजूर एकाच पगारावर आहेत, पण दोघांच्या डोक्यावर ओझे जास्त. काही हजार किलोमीटरनंतर त्यांच्या जागा बदलल्या, तर चौघे मिळून जास्त काळ टिकतात. टायर पालटण्यामागचे तत्त्व एवढेच आहे. जागा कोणत्या क्रमाने बदलायच्या, यावर मात्र शंभर वर्षे वाद चालू आहे.

बैलगाडीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. एकाच कण्यावरची दोन चाके, दोघांना सारखेच काम. चाकाभोवतीची लोखंडी धाव झिजली की लोहार नवी धाव तापवून लाल करी, ती चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळून घेई. इंग्रजीत ‘टायर’ हा शब्द मुळात याच धावेसाठी होता. रबर पुष्कळ नंतर आले. चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा आणणाऱ्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या या धावांवर चालल्या. (दशरथाच्या रथाचे चाक येथे निखळले, म्हणून चक्रेश्वर आणि म्हणून चाकण, अशी आख्यायिका सांगतात. व्युत्पत्ती म्हणून तिच्यावर भार टाकू नये, पण ज्या गावाचा पुढे चाकांवरच संसार उभा राहिला त्या गावाला ती शोभते.)

हवेचा टायर डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला सायकलसाठी केला. मोटारींना तो बसला, तरी पालटण्याची सोय लगेच आली नाही. पहिल्या मोटारींचे चाक सहज निघत नसे. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून टायर रिंगेवरून उपटून काढावा लागे. या त्रासावर १९०४ मध्ये वेल्समधील लानेली गावच्या टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी एक तोड काढली : आरे नसलेली, टायर फुगवून तयार ठेवलेली एक कडी, जी पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून जखडायची आणि घर गाठायचे. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. तेच नाव या कडीला पडले आणि ब्रिटिश साम्राज्याबरोबर जगभर गेले. ती वस्तू दोन दशकांत कालबाह्य झाली. इंग्लंडमध्ये आज हा शब्द सांगितला तर लोक लंडनमधल्या एका वस्तीचा पत्ता देतील. आपल्याकडे मात्र पंक्चरच्या प्रत्येक टपरीवर तो जिवंत आहे. (मराठीत त्याला पुढे चिकटलेले टवाळ अर्थ येथे सोडून देऊ.)

दुसरी अडचण मापाची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टीचे पुढचे टायर ३ इंच रुंद आणि मागचे साडेतीन इंच रुंद असत. पुढचा मागे बसतच नसे, मग पालटणार काय? चारही टायर एका मापाचे होणे, चाक नट काढून सुटे होणे आणि पाचवे तसेच चाक गाडीबरोबर असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या त्या १९२० नंतरच्या दशकात. पालटणे शक्य झाले ते तेव्हा. पण शक्य असलेली गोष्ट सवयीची व्हायला निमित्त लागते, आणि ते निमित्त युद्धाने पुरवले.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेल्याने जगातील नैसर्गिक रबराचा सुमारे नऊ-दशांश पुरवठा दोस्त राष्ट्रांना तुटला. याची चाहूल इतकी आधी लागली होती की अमेरिकेत शिधावाटपाखाली आलेली पहिली वस्तू साखर नव्हती की मांस नव्हते. जानेवारी १९४२ मध्येच टायर शिधापत्रिकेवर गेले होते. त्याच वर्षी पुढे ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा आली आणि देशभर पेट्रोलचे रेशनिंग आले, तेही मुख्यतः पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे तर रबर वाचवण्यासाठी. खासगी मोटारीमागे पाचच टायर ठेवता येत. जादा असतील ते सरकारला विकावे लागत. टायरांची ठरावीक काळाने तपासणी करून घेणे सक्तीचे होते. हवा राखा, सावकाश चालवा आणि पाचही टायर आळीपाळीने फिरवा, हा उपदेश तेव्हा देशसेवा म्हणून दिला जाई. टॅक्सीवाल्या काकांच्या नियमात स्टेपनीला जी मानाची जागा आहे, ती या टंचाईच्या मुशीत घडलेली आहे.

हिंदुस्थानात त्रावणकोर-कोचीनचे रबर होते. पेरियारकाठी तट्टेकाडला १९०२ मध्ये व्यापारी लागवड सुरू झाली होती, आणि मलाया गेल्यावर दोस्तांच्या ताब्यात ज्या थोड्या रबरबागा उरल्या त्यांत दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोन महत्त्वाचे ठरले. हुगळीकाठच्या साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ चा. मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना महायुद्धाच्या आगेमागे उभा राहिला. पण माल आधी लष्कराला. कोळशाच्या वायूवर धावणाऱ्या मोटारींच्या आठवणी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पुष्कळ सांगितल्या. त्याच मोटारींच्या टायरांचे काय झाले असेल, हे कोणी फारसे सांगितले नाही. पेट्रोलला पर्याय निघाला, टायरला निघाला नाही.

युद्ध संपले, टंचाई संपली नाही. परवान्यांच्या काळात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची मोटार म्हणजे वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातली फियाट, पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती. तिची ताकद मागच्या चाकांना. टायर ५.२०-१४ मापाचे, पाचही सारखे. भांडुपला सीएटचा कारखाना १९५८ पासून सुरू झाला होता. हे सारे टायर तेव्हाच्या पद्धतीचे, म्हणजे क्रॉस-प्लाय : आतले धाग्यांचे थर तिरपे, एकावर एक उलट दिशेने टाकलेले, चटईसारखे. अशा टायरला दिशेचे फारसे सोयरसुतक नसते. डावीकडून उजवीकडे नेला की तो उलट फिरू लागतो आणि करवतीच्या दातांसारखी झालेली झीज सपाट व्हायला मदत होते. म्हणून आडवे पालटणे तेव्हा फायद्याचेच होते.

आणि स्टेपनीचा हिशेब? समजा एक टायर ४०,००० किलोमीटर चालतो. चारच वापरले तर संच ४०,००० ला संपला. पाच आळीपाळीने वापरले तर तोच संच ५०,००० पर्यंत गेला, कारण रस्त्यावर एका वेळी चारच असतात. नवे टायर घ्यायची वेळ पाव पटीने लांबली. शिवाय डिकीत पडून राहिलेले रबर न वापरताही म्हातारे होते, कडक होते, भेगाळते. ते वेळेवर वापरलेले बरे. ज्या काळात गाडीसाठीच वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, त्या काळातला हा शहाणपणा होता. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने तेव्हाच्या वस्तूंच्या किमती आणि पगार शेजारी ठेवून पाहावेत.

याच काळात एक दुसरी परंपरा वाढत होती, आणि मला ती खासगी मोटारींहून अधिक रोचक वाटते. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर सरकारी एस.टी. धावली. बसला पुढे दोन आणि मागे दोन जोड्या मिळून चार, असे सहा टायर. एवढ्या टायरांचा खर्च सांभाळणे हे महामंडळापुढचे रोजचे काम होऊन बसले. येथे पालटण्याचा अर्थच वेगळा झाला. मोटारीत टायर गोल फिरून पुन्हा पहिल्या जागी येतो. एस.टी.त त्याला परतीचा रस्ता नाही : कोरा टायर पुढे, तो झिजला की मागे, नक्षी संपली की कारखान्यात जाऊन वर नवे रबर चढवून घ्यायचे, आणि तो नव्या रबराचा जुना टायर पुन्हा मागेच. सरकारी मराठीत या रबर चढवण्याला ‘पुनःस्तरण’ म्हणतात, रस्त्यावर ‘रिमोल्ड’. महामंडळ आजवर स्वतःचे पुनःस्तरण प्रकल्प चालवत आले आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांइतके त्यांचे नाव होत नाही, पण तिकिटाचा दर ज्या गोष्टींनी आवाक्यात राहिला त्यांत त्यांचाही वाटा आहे.

पुढे कोराच टायर का? कारण चालत्या बसचा पुढचा टायर फुटला तर सुकाणू हातातून जाते. मागे जोडीतला एक फुटला तर दुसरा काही काळ भार पेलतो. अमेरिकेत तर बसच्या पुढच्या चाकांना रबर चढवलेला टायर लावण्यास कायद्यानेच बंदी आहे. मागच्या जोडीचेही एक शास्त्र आहे. दोन टायर शेजारी असतील तर त्यांचा घेर सारखा हवा. एक थोडा उंच असेल तर सगळा भार तोच घेतो आणि लवकर मरतो, तर झिजलेला शेजारी नुसता घासत राहतो. म्हणून अवजड वाहनांत टायर पालटणे म्हणजे मुख्यतः जोड्या जुळवणे. राज्याराज्यांच्या परिवहन महामंडळांतील माणसांना असले हिशेब शिकवणारी संस्था, म्हणजे केंद्रीय सडक परिवहन संस्था, १९६७ पासून भोसरीला आहे. नाशिक फाट्याच्या त्या आवारावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना आत काय चालते याचा पत्ता नसतो, हे जाता जाता.

आता दुसऱ्या नियमाकडे, टेम्पोवाल्याच्या. फ्रान्समध्ये मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून तो विकायला काढला. यात आतले धागे तिरपे नसून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे सरळ जातात, आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू लवचीक, तळ घट्ट. त्यामुळे झीज कमी, आयुष्य जास्त. भारतात रेडियल १९७७ मध्ये जेके टायरने आणला. मोटारींनी तो हळूहळू पूर्ण स्वीकारला. ट्रक-बसने फार उशिरा, कारण जादा ओझे आणि खड्डे यांत क्रॉस-प्लाय अधिक सोशिक, असा मालकांचा अनुभव होता.

रेडियलबरोबर एक भीतीही आली. पोलादी पट्टा एका दिशेने फिरून ‘बसतो’. बाजू बदलून तो उलट फिरवला तर पट्टा सुटेल, असे मानले जाई. म्हणून रेडियलच्या पहिल्या काळात कंपन्या स्वतःच सांगत : आडवे पालटू नका, त्याच बाजूला पुढेमागे करा. तो सल्ला तेव्हाच्या टायरांसाठी होता. पुढे रबर आणि पोलाद यांची जोडणी सुधारली, आणि दिशादर्शक बाण नसलेल्या रेडियलला आडवे पालटण्याची मुभा बहुतेक कंपन्यांनी दिली. पण मनाईची बातमी जितक्या वेगाने पसरते तितक्या वेगाने ती उठल्याची पसरत नाही. कायद्याच्या इतिहासातही हेच दिसते. रद्द झालेल्या वटहुकुमांची दहशत दोन-दोन पिढ्या टिकते. पन्नाशीतला टेम्पोवाला असाच एक उठलेला हुकूम इमानाने पाळत आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे गेली. वळणे, ओढणे आणि बहुतांश थांबवणे, सगळे पुढच्याच दोन टायरांवर. पुढचे टायर मागच्यांच्या तुलनेत भराभर झिजू लागले, आणि आडव्या पालटण्याची आकृती उलटली. फियाटसारख्या गाडीत मागचे टायर सरळ पुढे यायचे आणि पुढचे आडवे मागे जायचे. पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे सरळ मागे जातात आणि मागचे आडवे पुढे येतात. पुस्तिका दाखवणाऱ्या तरुणाची तिसरी आकृती बहुधा हीच असते.

भोसरीहून नाशिक रस्त्याने पुढे गेले की हा सारा इतिहास एका औद्योगिक पट्ट्यात उभा दिसतो. बजाजचा चाकण कारखाना १९९९ चा. मोटारसायकलीचे पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे, तेव्हा तेथे हा वादच नाही. फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. तेथली पोलो पुढच्या चाकांची. महिंद्राच्या येथील कारखान्यातून पुढच्या चाकांची एक्सयूव्ही ५०० ही निघाली आणि अवजड ट्रकही निघाले, म्हणजे एकाच आवारात दोन परस्परविरुद्ध नियम. २०१३ पासून ब्रिजस्टोन येथे टायरच बनवते. या कंपनीने १९८८ मध्ये अमेरिकेतली फायरस्टोन विकत घेतली होती. शिवडीचा कारखाना त्याआधीच फायरस्टोनच्या हातून गेलेला. तो बॉम्बे टायर इंटरनॅशनल झाला, मग मोदीस्टोन, मग बंद. मर्सिडीजही चाकणलाच, आणि तिच्यासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही महागड्या गाड्यांत मागचे टायर पुढच्यांहून रुंद असतात. पुढचा मागे बसत नाही. मॉडेल टीच्या गरीब गिऱ्हाइकाची अडचण शंभर वर्षांनी श्रीमंतांच्या दारात येऊन उभी आहे.

ज्या नुकसानाचा उल्लेख सुरुवातीला केला, ते येथे. टायर वेळेवर पालटले नाहीत तर दोन लवकर गोटा होतात आणि गिऱ्हाईक दोनच नवे घेते. ते कोठे बसवायचे? ‘नवे पुढे’ हे आपल्याकडे इतके पक्के बसले आहे की दुकानदार विचारतही नाही. ट्रक आणि बस पाहत वाढलेल्या समाजाची ही सवय आहे, आणि तेथे ती योग्यच आहे. हलक्या मोटारीत मात्र टायर कंपन्या उलट सांगतात : नवी जोडी मागे. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना खोल नक्षी पाणी बाहेर काढते. झिजलेला टायर पाण्यावर तरंगतो. पुढचे तरंगले तर गाडी वळत नाही, सरळ जाते. वेग कमी केला की बहुतेक चालक तिला सावरू शकतात. मागचे तरंगले तर गाडीची शेपूट फिरते, आणि ते सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते. एस.टी.चा शहाणपणा जसाच्या तसा छोट्या गाडीत आणला की तो धोका होतो. चारही टायर वेळोवेळी पालटून एकदमच संपवले, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

पालटण्याचा एक तोटाही सांगायला हवा, कारण गॅरेजवाले तो सहसा सांगत नाहीत. टायर हे गाडीचे दप्तर आहे. फक्त आतली कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल तर हवा कमी. मध्य झिजून कडा शाबूत असतील तर हवा जास्त. आधी न वाचता टायर पालटले की हा पुरावा चार जागी पांगतो, रोग तसाच राहतो आणि नवा टायरही त्याच जागी तसाच खाल्ला जातो. म्हणून जॅक लावण्यापूर्वी प्रत्येक टायरवरून हात फिरवावा, कोणता कोठे कसा झिजला हे लिहून ठेवावे, दोष दुरुस्त करावा आणि मग पालटावे. साधारण आठ-दहा हजार किलोमीटरला एकदा, पुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणे. नक्षीच्या खाचांत आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर उंच असतात आणि नक्षी त्यांच्या पातळीला आली की पालटण्याचे काही उरत नाही.

राहता राहिली स्टेपनी. बऱ्याच नव्या गाड्यांत ती बाकीच्या चाकांहून लहान असते, घरी पोहोचण्यापुरती. म्हणजे डेव्हिस बंधूंच्या मूळ कल्पनेच्या जवळ परत आलेली. तिला फेऱ्यात धरताच येत नाही. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली : ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असेल, तर लहान प्रवासी मोटारींना स्टेपनी ठेवण्याची सक्ती उरली नाही. आणि चाकणच्या महिंद्रा कारखान्यातून आता ज्या विद्युत मोटारी बाहेर पडतात, बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, त्यांची ताकद पुन्हा मागच्या चाकांना आहे. चारही टायर एका मापाचे असतील आणि त्यांवर बाण नसेल, तर मागचे सरळ पुढे आणि पुढचे आडवे मागे. कुर्ल्याच्या फियाटचा नियम, पाचव्या चाकावाचून.